बायच्या जाळीला माझी कात्री

बाय आली तेव्हा मी खिडकीच्या ग्रिलला पाग बांधून विणत उभा होतो. पाग म्हणजे फेकून मारायचं गोल जाळं. ते विणायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. खाडीच्या पाण्याला आता असा वास येतो की त्यातला मासा मी मांजरालाही घालणार नाही. पण मला एका जागी बसता येत नाही, आणि बसलोच तर हाताला काहीतरी लागतं. मिठागराकडची आमची जमीन गेली, तिथे टॉवर उभा राहिला, त्यात आम्हाला घर मिळालं. घर चांगलं आहे, हवा येते. तरी सकाळपासून मी लिफ्टने खाली जातो, गेटपर्यंत जातो, तसाच परत वर येतो. वॉचमन विचारतो, "आजोबा, काय विसरलं?" त्याला काय सांगणार?

बाय म्हणजे आमची जुनी शेजारीण. ख्रिस्ती. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथली, बोली जवळपास तीच, सण तेवढे वेगळे. टॉवरच्या भिंतीपलीकडे तिचं बैठं घर अजून उभं आहे, कारण ती कुणाचं ऐकत नाही. वयाने ती माझ्याहून मोठी, तरी मला दादूस म्हणते. दादूस म्हणजे थोरला भाऊ. पोरपणापासून मी सगळ्यांना शहाणपण शिकवायचो, म्हणून चिडवायला तिने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

ती आली आणि दारातूनच म्हणाली, "दादूस, हात धू. साबण लावून. आन्‌ पूस नीट."

"का? आरतीला बसवतेस का?"

"धू आधी."

मी धुतले. मग तिने मऊ फडक्यातली घडी उघडून माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली. माझ्या नाही, बायकोच्या. लहान पोराला पांघरता येईल एवढं कापड. मधे साधं पांढरं कापड आणि चहूबाजूंनी वीतभर रुंद लेस. लेस म्हणजे बाजारात मीटरवर मिळते ती नव्हे. ही चौकोनी डोळ्यांची जाळी होती, डोळा मुगाच्या दाण्याएवढा, आणि त्यातले काही डोळे दोऱ्याने भरलेले. भरलेल्या डोळ्यांची मिळून चित्रं झालेली. वेल, फुलं, आणि एका कोपऱ्यात झेंडा घेतलेलं कोकरू.

"माज्या आजीनं केलंय," बाय म्हणाली. "गोऱ्या नन आलेल्या, त्यांनी शिकवलेलं तिला. माजा बाप याच्याखाली झाला ख्रिस्ती, मी झाली, माजी पोरं झाली."

तिच्या डोंबिवलीच्या नातीला मुलगा झालेला. त्याचा बाप्तिस्मा ठरला होता, आणि तो उरकला की ती दोघं पोराला घेऊन कॅनडाला जाणार होती. बायने कापड काढलं तर कोकराच्या पायाशी कसर लागलेली. करंगळी जाईल एवढं भोक. तिने शिंप्याला दाखवलं, तो म्हणाला आतून अस्तर लावतो. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानातल्या मुलीला दाखवलं, ती म्हणाली, आंटी, एवढा तुकडा काढून मॅचिंग लेस टाकते. नात म्हणाली, जाऊ दे ग्रॅनी, ऑनलाइन मागवते.

"ऑनलायनखाली जाऊ देऊ कं त्याला?" बाय म्हणाली. "तिकडं गेल्यावर मी काय त्याला बघणार हाय? एवढंच तं हाय माज्याकडचं."

मी चष्मा लावून जाळी खिडकीकडे धरली. आणि मला हसूच आलं. गाठ माझी होती! वरच्या डोळ्यातून दोरा वर काढायचा, मागून वळसा, आणि आपल्याच फासातून खाली. हीच गाठ माझ्या बापाने मला मिठागराच्या बांधावर शिकवली. मी तिसरी पास, चौथीत गेलो तो नुसता नावाला. पण ही गाठ मी डोळे मिटून मारतो. दोरा तेवढा केसासारखा.

"ठेव इथे," मी म्हणालो. "हे तर जाळं आहे. तुझी आजी आमच्यातलीच म्हणायची."

"जमंल कं तुला?"

"मला जमेल का विचारतेस? खाडीत विचार."

बायकोने नुसतं माझ्या हातांकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाय गेल्यावर मी लगेच बसलो. जाळं शिवताना ते ताणलेलं लागतं, नाहीतर डोळे लहानमोठे होतात. ताणायला आम्ही पायाचा अंगठा वापरतो. मी लादीवर बसलो, पाय लांब केला आणि जाळीची कड अंगठ्यात अडकवली. माझा बाप तसाच बसायचा, त्याचा बापही तसाच.

बायको आतून आली ती किंचाळलीच. "अवो! देवाचं कापड ते! पायाच्या अंगठ्याला?"

"माझा देव नाही तो."

"म्हणून काय पायाला लावायचं? उद्या तिने तुमच्या गणपतीचा शेला घेतला आणि बांधला पायाला, मग?"

ते मला पटलं. पण पटलं असं मी म्हणालो नाही. गुडघा दुखतो असं सांगून उठलो आणि कापड ग्रिलला टाचलं.

आता यापुढचं ज्याने कधी जाळं शिवलं नाही त्याला समजावून सांगावं लागेल. जाळं फाटतं तेव्हा ते सरळ फाटत नाही. कुठे अर्धा डोळा उरतो, कुठे नुसती गाठ लोंबते. अशा कडेवर नवं काम धरत नाही. म्हणून आधी कात्री घ्यायची आणि भोक मोठं करायचं. तुटका धागा कापत कापत धडक्या गाठीपर्यंत जायचं, कड साफ करायची, आणि मग एका टोकापासून विणत यायचं. कुठल्याही खाडीवरच्या माणसाला विचारा. भोक वाढव, मग बुजव. बापाने मला गाठीच्याही आधी हे शिकवलेलं.

मी तेच केलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली लहान कात्री घेतली आणि कड साफ करत गेलो. पण कसरीने खाल्लेला धागा बाहेरून बरा दिसायचा आणि हात लावला की तुटायचा. मग त्याच्या पुढच्या गाठीपर्यंत कापायचं. तीही कुजकी निघायची. मग आणखी पुढे. काम चांगलं चाललं होतं. कड अशी सुरेख झाली की मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाय बघायला आली. मी दार उघडलं आणि दिमाखात बाजूला झालो.

ती ग्रिलपाशी गेली. कापडाचा कोपरा बोटांवर घेतला.

"दादूस, भोक करंगळीचं होतं."

"होतं. आता साफ केलंय."

"कोकराचे पाय कुठं हायेत?"

मी बघितलं. खरं सांगतो, तोपर्यंत मी कोकराकडे बघितलंच नव्हतं. मी गाठी बघत होतो. पाय नव्हते, पोटही अर्धं गेलेलं. कोकराचे पाय खाली लादीवर पडले होते, केराच्या सुपलीत अजून जायचे होते एवढंच.

"जाळं असंच शिवतात," मी म्हणालो.

"जाळं नाय रं ते."

ती खाली बसली, गुडघे धरून, कष्टाने, आणि लादीवरचे तुकडे एकेक करून तळहातावर घेतले. बायको मदतीला वाकली तर तिला हाताने थांबवलं. मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, आमचं ते नेहमीचं आहे. पण ती उठली, तुकडे फडक्यात बांधले, फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता तुजंच हाय हे. तूच बघ." कापड तिने नेलं नाही. तसंच ग्रिलला ठेवून गेली.

"माफी मागा जाऊन," बायको म्हणाली.

"कशाची? रीत ती रीत."

"रीत मासे धरायची. तिला मासे नाय धरायचे."

त्यानंतर माझं घरात लक्ष लागेना. टीव्ही लावला की ग्रिल दिसायचं. जेवायला बसलो की ग्रिल दिसायचं. मी पाठ करून बसायला लागलो तर पाठीला दिसायचं. खाली गेलो, गेटपर्यंत गेलो, कोपरीच्या बाजारात एक फेरी मारली, उगाच कोथिंबीर घेऊन आलो. घरात आधीच कोथिंबीर होती. बायको म्हणाली, "आता वडीच करते. तुम्ही फिरत राहा, मी वड्या करत राहते."

शेवटी ठरवलं, दोरा तरी आणू. ठाण्यात जो मिळाला तो जाड. कळव्याचा भाचा म्हणाला, मामा, असलं सगळं उल्हासनगरला. म्हणून विठ्ठलवाडीला उतरलो आणि बाजारात शिरलो. तिथे लेसची दुकानं अशी की डोळे फिरतात. सोनेरी, चंदेरी, घागऱ्याची, पडद्याची. एका जुन्या दुकानात म्हातारा सिंधी गल्ल्यावर बसलेला. मी त्याला म्हणालो, हाताच्या लेसला लावायचा दोरा दाखवा.

"हाथ की लेस?" तो म्हणाला. "चाचा, आजकल हाथ की रोटी नहीं मिलती घर में."

मी फडकं सोडून त्याच्यापुढे तुकडे ठेवले. तो हसायचा थांबला. भिंग काढलं आणि निरखून बघितलं. म्हणाला, अशी जाळी त्याने पोरपणी आजीच्या पेटीत बघितलेली, ती पेटी तिकडेच राहिली. मग त्याने सांगितलं की कल्याणच्या बाजूला म्हाताऱ्या नन राहतात त्या घरातून त्याच्याकडे बारीक दोऱ्याची मागणी यायची. तिथे एक सिस्टर आहे, ती हे काम करायची. "अब करती नहीं होगी. मगर डाँटेगी जरूर." त्याच्याकडचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मजबूत दोरा मी घेतला. दोन्ही हातांनी ओढून बघितला, बोटाला कापलं पण दोरा तुटला नाही. असा पाहिजे.

कापड मी सोबत आणलंच होतं, पिशवीत, बायकोच्या धुतलेल्या साडीत गुंडाळून. तसाच निघालो.

सिस्टर खिडकीपाशी बसलेली. माझ्याहून चांगली दहा-पंधरा वर्षांनी मोठी असेल, तरी मला म्हणाली, "या बाबा, बसा." हात कापत होते, नजर मात्र टाचणीसारखी. दक्षिणेकडची, पण मराठी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची. मी कापड तिच्यापुढच्या टेबलावर पसरलं.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"का बरं?"

मी रीत सांगितली. पूर्ण सांगितली, धडक्या गाठीपर्यंत जायचं वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे दात दुखला म्हणून तुम्ही जबडा काढलात."

मी उठलोच. पिशवी घेतली. ती म्हणाली, "बसा हो. रागावता काय? मी माझ्या गुरूच्या शिव्या याहून वाईट खाल्ल्यात. आणि त्या तर परक्या भाषेत होत्या, अर्थसुद्धा लागायचा नाही."

मी टेकलो, पण खुर्चीच्या कडेला.

तिने ड्रॉवर उघडून दाखवलं. आत निळ्या कागदावर लेसचे नमुने टाचलेले. युरोपातल्या बायका हे तीन तऱ्हांनी करायच्या, ती म्हणाली. एक नुसत्या सुईची. कागदावर आधी एक दोरा टाचायचा आणि त्याच्या आधाराने हवेतच टाके घालत जायचं, खाली कापडच नाही. शेवटी कागद काढून टाकायचा. दुसरी उशीवरची. उशीला टाचण्या, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला लाकडी रीळ, आणि ती रिळं एकमेकांवरून टाकत राहायची, टकटक टकटक. त्यात गाठ नसतेच. टाचण्या काढल्या की नुसत्या पिळावर ते उभं राहतं. मला ते खरं वाटेना. गाठीशिवाय काही टिकतं? तिने नमुना माझ्या हातात दिला. मी गाठ शोधत राहिलो आणि ती माझ्याकडे बघत राहिली. गाठ सापडली नाही.

"आणि तिसरी ही," बायच्या कापडावर बोट ठेवून ती म्हणाली. "आधी जाळं विणायचं, मग भरायचं. ही कोळ्यांच्या घरातून आलेली."

"मग हे आमचंच!" मी म्हणालो.

"गाठ तुमची. काम नाही."

मग तिने सांगितलं ते मी विसरत नाही. सगळ्यात बारीक दोरा अंबाडीसारख्या झाडाच्या सालीचा. तो कोरड्या हवेत तुटायचा, म्हणून पोरींना ओल्या तळघरात बसवून कातायला लावायचे, उजेड एका फटीतून. लेस राजाच्या गळ्यात जायची आणि पोरींचे डोळे जायचे. मला आमची माणसं आठवली. मिठाच्या पांढऱ्या चकाकीने माझ्या बापाचे डोळे गेले. आम्हाला ऊन पाहिजे, ऊन नाही तर मीठ नाही. त्यांना ओल पाहिजे. आमचे डोळे उजेडाने गेले आणि त्यांचे अंधाराने.

मी माझा मजबूत दोरा काढून दाखवला. तिने तो हातात घेतला, ओढला आणि परत दिला. "हा नको."

"का? तुटत नाही हा."

"म्हणूनच नको. जुन्यापेक्षा नवा धागा कमजोर पाहिजे."

मी तिला दोनदा विचारलं, कारण मला वाटलं वयामुळे बोलण्यात चूक झाली. आम्ही जाळं शिवतो ते मूळच्यापेक्षा जाड दोऱ्याने. शिवलेली जागा आधी फाटली तर शिवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसते. कमजोर धाग्याने शिवायचं म्हणजे मुद्दाम खोटं काम करायचं.

"उद्या कुणी हे ओढलं," सिस्टर म्हणाली, "तर काहीतरी तुटणारच. काय तुटावं? आजीचं की तुमचं?"

मला राग आला. "आमच्यात असं नसतं," म्हणून मी बाहेर पडलो. फाटकापर्यंत गेलो. फाटकापाशी उभा राहिलो. रिक्षावाला विचारतोय, कुठे जायचं? मी त्याला म्हणालो, थांब रे जरा. आणि परत आत गेलो.

शेजारच्या नर्सला सांगून तिने एक जुना रुमाल मागवला, चर्चच्या टेबलावरचा, धुऊन धुऊन पारदर्शक झालेला. "याचे उभे धागे काढा. रंग जुळेल. आणि बाबा, गाठ आवळू नका. बसेल एवढीच बसवा. ओढू नका."

ओढू नका! अख्खं आयुष्य मी गाठ ओढली आहे.

घरी आल्यावर बायकोने जुन्या पाटावर निळं कापड ताणून दिलं, त्यावर बायचं कापड टाचण्यांनी टाचलं. पायाचा प्रश्नच नव्हता. माझी बांबूची सुई एवढी मोठी की ती या जाळीत म्हणजे मुंगीच्या बिळात बैल. शिवणाची बोथट सुई घेतली, आणि डोळ्याच्या मापाला उदबत्तीची काडी. पहिली गाठ मारली, सवयीने ओढली, धागा तुटला. दुसरी मारली, तुटला. रुमालातून नवा धागा काढायला गेलो, तो काढतानाच तुटला. मी सुई फेकली. ती शोधायला बायकोला झाडू मारावा लागला.

"गाठीवर राग काढू नका," ती म्हणाली. "तिनं काय केलंय तुमचं?"

"ही गाठ नाही. ही गाठीची नक्कल आहे."

"मग नक्कल करा. गणपतीत नकला करायचा ना?"

मी उठायचो, खाली जायचो, गेटपर्यंत जायचो, आणि परत येऊन पाटासमोर बसायचो. हात सैल सोडायला मला जेवढा त्रास झाला तेवढा मिठाचे टोपले वाहायला झाला नव्हता. श्वास धरला की हात आवळायचा. म्हणून मी गुणगुणायला लागलो. गुणगुणताना माणसाला ओढता येत नाही, बघा करून. अशी हळूहळू जाळी चढली. डोळे अगदी सारखे नाहीत, पण चौकोन आहेत. जुन्या गाठींना मी हात लावला नाही, नव्या धाग्याने त्यांना नुसतं धरलं.

राहिलं कोकरू. भरायचं काम मला येत नव्हतं आणि सिस्टरने बजावलेलं की ते आठवड्यात येत नाही. पण मी भरलं. पाय भरले, पोट भरलं. मला बरं वाटलं.

बायला बोलावलं. ती आली, यावेळी बसून बघितलं. बघता बघता तिचा चेहरा हलायला लागला आणि ती अशी हसली की पदर तोंडात घालावा लागला.

"अगो, चिंबोरी!" ती माझ्या बायकोला म्हणाली. "बघ, बघ, दादूसनं कोकराला चिंबोरीचे पाय लावलं!"

बायको वाकून बघते तर तीही हसायला लागली. मी म्हणालो, चिंबोरी काय वाईट असते? पण खरंच चिंबोरी दिसत होती, नांग्या आणि सगळं.

"काढ ते," डोळे पुसत बाय म्हणाली. "पाय नको. नुसती जाळी राहू दे."

"अर्धं कोकरू?"

"आर्धं हाय ते आजीचं हाय. बाकीचं रिकामं राहू दे. खोटं नको."

मी पाय उसवले. सुईच्या टोकाने, कात्री न लावता.

बाप्तिस्म्याला बायने आम्हा दोघांना बोलावलं. बायको ठेवणीतली साडी नेसली. मी टोपी घातली आणि मग चर्चमध्ये काढायची का ठेवायची कळेना, म्हणून हातात धरली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. म्हणजे बायको बसली. मी खांबाशी उभा राहिलो, तिथून कापड दिसत होतं. पोर त्याच्या धर्ममातेच्या हातात होतं, ती नातीची मैत्रीण. कापड पोराच्या अंगावर, जाळीचा कोपरा पोराच्या हाताशी. आणि त्याच्या हाताशी नेमका माझाच कोपरा.

फादरने डोक्यावर पाणी ओतलं. पोर रडलं नाही, हात झाडले. आणि एक बोट जाळीच्या रिकाम्या डोळ्यात गेलं. मी खांब सोडला. भरलेला डोळा असता तर बोट गेलंच नसतं, हे मला तेव्हा सुचलं. पोराने मूठ मिटली. धर्ममातेला काही कळलं नाही, तिने पोराला खांद्यावर घ्यायला उचललं, कापड खाली सरकायला लागलं आणि पोराची मूठ वर. सगळा ताण त्या एका बोटावर. जुनी जाळी बाजूलाच, विरलेली. ती फाटली असती तर वेलीपर्यंत गेली असती. मी अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेलेलो, टोपी हातात, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

तट्‌ झालं. एवढासा आवाज, पण मी ऐकला.

बाय पहिल्या बाकावर होती. ती उठली, पोराचं बोट सोडवलं आणि कापड डोळ्यांजवळ नेलं. मी तिथेच मधे उभा. तिने कोपरा फिरवून बघितला, पालथा करून बघितला. मग माझ्याकडे वळली आणि चर्चमध्ये बोलू नये एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तुजं गेलं, दादूस! आजीचं सगळं हाय!"

एरवी माझी गाठ तुटली असं चारचौघांत कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. त्या दिवशी मी मागे आलो आणि बायकोशेजारी बाकावर बसलो. उभं राहून पाय दुखले म्हणून बसलो, दुसरं काही नाही.

जेवण बायच्या अंगणात होतं. फुगे तळत होते, मटणाचा वास सुटलेला. फुगे म्हणजे त्यांचे गोल वडे. मी ताट घेतलं नाही. कापड मागून घेतलं आणि ओट्यावर, उजेडाला, पाट ठेवून बसलो. रुमाल आणि सुई बायकोने पर्समध्ये आणलेलीच होती. मला विचारलंही नव्हतं.

नात पोराला आपल्या आईकडे देऊन माझ्याजवळ आली. ती डोंबिवलीची, मराठी शाळेत शिकलेली, पण आता इंग्रजीच जास्त बोलते.

"आजोबा, हे आम्ही सोबत नेतोय. ग्रॅनीने दिलं मला. तिकडे परत फाटलं तर?"

"फाटणारच," मी म्हणालो.

"मग तिकडे कोण करणार?"

मी काही बोलायच्या आत बाय फुग्यांच्या कढईपासून ओरडली, "तिलाच शिकव! नायतर मना जावं लागंल कॅनडाला, तुजी सुई घेवून!"

"ग्रॅनी, मला बटण लावता येत नाही!"

"मना तरी कुठं येत होतं तुजा बाप सांभालायला? शिकली!"

मी सरकलो आणि तिला पाटासमोर जागा दिली. तुटलेल्या डोळ्याची टोकं दाखवली, ती कापायची नाहीत हे आधी सांगितलं. रुमालातून धागा कसा काढायचा ते दाखवलं. दोरा वर, मागून वळसा, आपल्याच फासातून खाली. तिने नखं रंगवलेली, त्यात सुई धरता येईना, पण जिद्दीची निघाली. जीभ दातात धरून तिने गाठ घातली. चांगली घातली. आणि पक्की व्हावी म्हणून जोर लावून ओढली.

धागा तुटला.

"सॉरी," ती म्हणाली.

"सॉरी काय? परत."

पलीकडून बायको म्हणत होती, जेवण गार होतंय, उठा. पोर कुणाच्या तरी खांद्यावर रडायला लागलेलं. मी दुसरा धागा काढून तिच्या सुईत ओवून दिला. तिने परत घातली, आणि मी तिच्या बोटांकडे बघत बसलो, कारण ती आता ओढणार होती.